यॉर्कशायरच्या मठांचा खंड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडच्या परगण्यांचा स्थानिक इतिहास सांगणाऱ्या ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ या मालेतील यॉर्कशायरचा (उत्तर इंग्लंडमधील परगणा) तिसरा खंड गेले आठ महिने मी दर आठवड्याला उघडतो आहे. विल्यम पेज यांनी संपादित केलेला हा खंड १९१३ साली निघाला आणि आता संगणकावरही वाचता येतो. परगण्यातील मध्ययुगीन मठांचा वृत्तान्त त्यात एकेक करून दिला आहे.

मांडणी गावांनुसार नसून ख्रिस्ती साधूंच्या पंथांनुसार आहे. त्यामुळे जवळच्या भग्न मठाचा पंथ ठाऊक नसेल, तर सुरुवातीला थोडी शोधाशोध करावी लागते. मला मात्र पुढे हीच मांडणी उपयोगी पडली, कारण सिस्टर्शियन या पंथाचे मठ सलग वाचल्यावर एका मठातून दुसरा कसा उभा राहिला हे आपोआप ध्यानात येते.

मला सर्वांत भावला तो लीड्सजवळच्या कर्कस्टॉलचा वृत्तान्त. यॉर्कशायरमधल्याच फाउंटन्स मठातून १२ साधू आणि १० श्रमकरी बंधू (मठातील अंगमेहनतीची कामे करणारे) ११४७ साली नवा मठ उभारायला बार्नोल्ड्सविक या गावी गेले. तेथे पावसाने पिके बुडाली, लुटारूंनी छळले, आणि अखेर ११५२ साली मंडळी एअर नदीकाठी, कर्कस्टॉलला आली. हा भाग रंजक आहेच, पण १२८४ सालचा हिशेब मी तीनदा वाचला. ह्यू ग्रिमस्टन मठाधिपती झाले तेव्हा मठावर ५,२४८ पौंडांहून अधिक कर्ज होते, शिवाय ५९ पोती लोकर देणे होती. गोठ्यात १६ बैल आणि ८४ गायी होत्या, मेंढी मात्र एकही नव्हती. लोकरीवर ज्यांचा संसार चालायचा, त्यांच्याकडे मेंढी नसावी, यावरून दुरवस्था किती खोलवर गेली होती ते कळते. १३०१ सालच्या नोंदीत कर्ज १६० पौंडांवर आलेले आणि मेंढ्या ४,००० झालेल्या दिसतात. भक्तीच्या इतिहासात कर्जफेडीची अशी चिकाटी वाचायला मिळेल, असे मला वाटले नव्हते.

हे वाचून कर्कस्टॉलला गेलो, तेव्हा साधूंच्या बैठकीच्या सभागृहाच्या भिंतीत बसवलेल्या दगडी शवपेट्यांसमोर बराच वेळ थांबलो. इमारतींसाठी मात्र वेगळे पुस्तक जवळ ठेवावे; या खंडाचा भर दानपत्रे, जमिनी, वाद आणि मठाधिपतींच्या याद्या यांवर आहे. १५३६ ते १५४० या काळातील मठविसर्जनाची, म्हणजे राजा आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ बंद केले त्याची, सर्वसाधारण माहिती आधी करून घेतली, तर प्रत्येक वृत्तान्ताचा शेवट नीट समजतो.

सध्या मी भिक्षुणींच्या मठांवरील पाने वाचतो आहे. सिस्टर्शियन साधूंचे मठ बिशपांच्या तपासणीतून मुक्त होते, भिक्षुणींचे नव्हते. म्हणून आर्चबिशपांनी तेथे दिलेल्या आदेशांतून रोजचे जगणे अधिक जवळून दिसते. नव्या वाचकाने सुरुवात तेथूनच करावी, असे मी आवर्जून सुचवेन.