६४० रुपयांचा टुर्निकेट घेऊ नका, दांडी मोडते

मागच्या हंगामात निपाणी भागात आमच्या उसाच्या फडात एका तोडकऱ्याच्या पोटरीवर कोयता बसला. टॉवेल गच्च दाबून धरला म्हणून वाचला. रुग्णवाहिकेला पाऊण तास लागला. तेव्हाच ठरवलं, यंदा प्रत्येक ट्रॅक्टरवर टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळून बांधायचा पट्टा, ठेवायचा. बारा ट्रॅक्टरमालकांकडून पैसे मीच गोळा केले. म्हणूनच लाज जास्त वाटते.

डोळे झाकून घेतला नव्हता, पंधरा दिवस तुलना केली होती. रक्त काढताना बांधतात तो रबरी पट्टा इथे चालत नाही, त्याने शीर दबते, धमनी नाही. पट्टा दीड इंच तरी रुंद हवा आणि पिळून आवळायला दांडी हवी. सैन्यात वापरतात तो 'कॅट' अमेरिकेतच तीसेक डॉलरला पडतो. ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याने हुबेहूब तसाच ६४० ला दाखवला. बाराचे ७,६८०, कुरिअरचे २६०. एकूण ७,९४० रुपये यूपीआयने गेले.

त्याच्या व्हिडिओत दांडीला एकच वळसा होता. मी लिहिलं, "तीन वळसे देऊन दाखवा." उत्तर आलं, "साहेब, पॅक माल आहे, फोडता येत नाही." तिथेच थांबायला हवं होतं! पण फड सुरू व्हायला चार दिवस उरले होते. पाच मिनिटांत मी पैसे पाठवले.

पार्सल आल्यावर धाकट्या भावाच्या मांडीवर बांधला. दुसऱ्या वळशाला दांडी वाकली, तिसऱ्याला कडकन मोडली. तुम्हीही आधी एक आवळून बघा, आणि सरावाचा पट्टा खऱ्या वेळी वापरू नका.

इथल्या ठाण्यात अर्ज कन्नडमध्ये द्या म्हणाले. लिहून घेऊन गेलो, तर पार्सलवरचा पत्ता महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडे गेलो, तर तुम्ही कर्नाटकचे! तीन खेपा, ऊसतोड सोडून. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे मला कुणीही सांगितलं नाही. हा नुसता हलक्या प्रतीच्या मालाचा प्रश्न नाही, यात माणूस मरतो, हे एकाच्याही कानात शिरलं नाही. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मी सहाव्या दिवशी केला, तोवर पैसे खात्यातून निघाले होते. तुम्ही त्याच तासाला करा.

दोरी किंवा वायर बांधू नका, कातडी कापते. टुर्निकेट जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधा, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहा.

मालकांचे पैसे मी खिशातून परत केले. त्या विक्रेत्याचा नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसला तोच व्हिडिओ होता, भाव ५९०.