शुद्ध केलेलं सांडपाणी: तळ्यात ठेवावं की जमिनीत मुरवावं?

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला पाणी साठवण्याचा प्रश्न नवा नाही.

तळ्याचा मोठा गुण म्हणजे ते दिसतं. काठावर उभं राहिलं की किती उरलं ते कळतं, मोटार टाकली की उपसा सुरू. पण मे महिन्यात पाणी रोज जवळपास सेंटीमीटरभर उडून जातं आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर क्षारांची पांढरट रेघ तेवढी उरते. शिवाय शेवाळ, डास, अडकलेली जमीन.

जमिनीखाली ऊन पोचत नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून सांडपाणी आरओ आणि अतिनील किरणांनी शुद्ध करून भूगर्भात सोडतात. तिथे खाली वाळू-खडी आहे, आपल्याकडे बेसाल्ट. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, ते साठतं मुरमात आणि भेगांत. भेग कुठे जाते कोण सांगणार? मुरवायचं आपण, ओढायचं शेजारच्या बोअरने! अर्धवट शुद्ध पाणी सोडलं तर नायट्रेट थेट पिण्याच्या विहिरीत.

म्हणून माझं मत: एकट्या शेतकऱ्याने तळंच करावं, वर शेडनेट टाकून. नगरपालिकेने मुरवावं, पण आधी भूजल सर्वेक्षण करून आणि पावसाळा सरल्यावर, विहिरींची पातळी उतरू लागली की. भरल्या विहिरीत जागा कुठली?