रॉक ऑपेरा कुठून ऐकायला लागावं? बोरिवली स्लोमध्ये बसून केलेली तुलना

भाच्याने नवे हेडफोन घेतले आणि दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, "मामा, ते रॉक ऑपेरा म्हणतात ते ऐकायचंय. एकच नाव सांग." एकच नाव सांगणं मला जमलं नाही. पण त्याची अडचण खरी होती. तो राहतो बोरिवलीला, ऑफिस लोअर परळला. बसायला मिळावं म्हणून बोरिवलीहून सुटणारी स्लो लोकल पकडतो. म्हणजे रोज साधारण पाऊण तास सलग, मोबाइलमध्ये डोकं घालायचं नसेल तर फक्त कानांसाठी. रविवारी मात्र घरी टीव्हीसमोर दोन तास मोकळे. कुठला रॉक ऑपेरा कधी घ्यावा, हे या दोन वेळांवरूनच ठरतं असं माझं मत आहे.

रॉक ऑपेरा म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावायला फार वेळ लागत नाही. संगीत नाटक डोळ्यांसमोर आणा. पेटी-तबल्याच्या जागी गिटार आणि ड्रम्स ठेवा आणि गद्य जवळजवळ सगळं काढून टाका. इथेच पंचाईत होते. आपल्या नाटकात पद संपलं की पात्रं बोलतात आणि गोष्ट पुढे सरकते. इथे बोलायची सोय नाही, मग गोष्ट न्यायची कोणी? 'द हू' या इंग्लिश बँडने 1969 मध्ये 'टॉमी' काढला तेव्हापासून प्रत्येकाने याचं उत्तर आपापल्या परीने शोधलंय. 'टॉमी' आधी तबकडीवर आला, मग 1975 मध्ये त्याचा चित्रपट झाला आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेच्या रंगमंचावर पोचायला 1993 उजाडलं. आधी अल्बम, मग रंगमंच असा हा जुना रस्ता. नव्वदीनंतर त्याला दोन फाटे फुटले. काही कामं थेट नाट्यगृहासाठीच लिहिली जाऊ लागली. दुसरीकडे मुख्यतः युरोपातले मेटलवाले, म्हणजे जड, आक्रमक रॉक वाजवणारे, रंगमंचाची पर्वा न करता दोन-दोन डिस्कच्या कथा रचू लागले.

आता पर्याय. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' जुना आहे, अल्बम 1970 चा. तरी तो यादीत ठेवतो, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याची जितकी नवी रूपं झाली तितकी दुसऱ्या कुणाची क्वचितच झाली असतील. अँड्र्यू लॉइड वेबरचं संगीत, टिम राईसचे शब्द, आणि येशूचे शेवटचे दिवस बऱ्याच अंशी जूडासच्या, म्हणजे त्याला दगा देणाऱ्या शिष्याच्या, नजरेतून. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे गद्य नसलं तरी अडत नाही. आपल्याकडे कीर्तनात आख्यान रंगतं ते याच कारणाने. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, बुवा तो कसा आणतात ते पाहायचं असतं.

ज्याने लहानपणी तबल्याच्या क्लासला चार वर्षं जरी घालवली असतील त्याने यातला देवळातल्या बाजाराचा प्रसंग ऐकावा. व्यापारी ओरडतायत, माल विकतायत, आणि खाली ठेका आहे सात मात्रांचा. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा नकळत मांडीवर रूपक धरला. तीन-दोन-दोन अशी विभागणी नीट बसली नाही, पण सम चुकली नाही. येशूची अनुयायी मेरी मॅग्डलीन त्याला शांत करते ते गाणं पाच मात्रांत आहे, म्हणजे झपतालाचा अर्धा. चारच्या चाकोरीत फिरणाऱ्या रॉकमध्ये ही चाल अंगाई का वाटते, हे मोजून पाहिल्यावर कळतं.

मुंबईला हे काम नवीन नाही. सत्तरच्या दशकात अलेक पदमसींनी ते इथे उभं केलं. त्यात जूडास होता नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. पुढे 1978 मध्ये पु. लं.नी जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून बेतलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'तही तो होता. मराठी रंगभूमी आणि रॉक यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड कधीच नव्हती.

यातली कुठली आवृत्ती घ्यावी? मूळ अल्बममध्ये येशू गातो डीप पर्पल या बँडचा इयन गिलन, त्यामुळे जुन्या रॉकच्या भक्तांना वेगळं सांगायला नको. पाहायचं असेल तर 2012 च्या ब्रिटनमधल्या भव्य दौऱ्याचं चित्रीकरण आहे. त्यात टिम मिंचिनचा जूडास आजच्या रस्त्यावरच्या आंदोलनातून उठून आलेला वाटतो. 2018 चा अमेरिकन टीव्हीवरचा थेट प्रयोगही गाजला, जॉन लेजंड येशू आणि ॲलिस कूपर हेरोद राजा. माझा कौल मिंचिनला. लेजंडचा आवाज मखमली आहे, पण येशू संतापतो तिथे मखमल कामाला येत नाही.

दुसरा पर्याय 'अमेरिकन इडियट', ग्रीन डे या पंक बँडचा, 2004 चा. तो 57 मिनिटांचा आहे, म्हणजे बोरिवली-चर्चगेट स्लोमध्ये जवळजवळ तंतोतंत बसतो. इराक युद्धाच्या काळातली अमेरिका, टीव्हीसमोर कुजत बसलेला उपनगरातला मुलगा, तो शहरात पळतो आणि तिथे बिघडतो. एवढीच गोष्ट, तीही अर्धवट सांगितलेली. नऊ मिनिटांचं एक गाणं आहे, पाच तुकडे एकमेकांना शिवलेलं. त्यात घर सोडण्याआधीची सगळी घुसमट आहे आणि ती कळायला इंग्रजीचा प्रत्येक शब्द कळण्याची गरज नाही. पहाटेच्या लोकलच्या दारात उभ्या असलेल्या विशीतल्या पोराचा चेहरा पाहिला असेल तर पुरेसं आहे.

याचीच रंगमंचावरची आवृत्ती 2010 मध्ये ब्रॉडवेला आली आणि तुलनेसाठी ती सर्वांत बोलकी आहे. अल्बममधल्या एका मुलाच्या जागी तिथे तीन मित्र आले. एक शहरात जातो आणि नशेच्या आहारी जातो, एक सैन्यात भरती होऊन पाय गमावतो, तिसरा घरीच अडकतो कारण मैत्रीण गरोदर आहे. म्हणजे अल्बममध्ये जी भोकं होती ती सगळी बुजवली. नेपथ्य आणि प्रकाशयोजनेसाठी ब्रॉडवेचे टोनी पुरस्कार मिळाले आणि ते रास्तच असावेत. पण कास्टचं रेकॉर्डिंग मूळ अल्बमच्या शेजारी ठेवून ऐका. गाणी तीच असूनही काहीतरी सभ्य झालंय. सगळे नीट गातात, स्वरांची जुळणी होते, आणि पंकमधलं ते दात-ओठ खाणं नाहीसं होतं. म्हणून इथे माझा सल्ला स्पष्ट आहे: अल्बम घ्या, रंगमंच सोडा.

तिसरा एअरिऑनचा 'द ह्यूमन इक्वेशन', 2004 चाच. एअरिऑन हा नावालाच बँड आहे. मागे आर्येन लुकासन नावाचा एकटा डच माणूस बसलेला असतो आणि तो प्रत्येक वेळी जगभरातले गायक गोळा करतो. अपघातानंतर एक माणूस कोमात आहे. उशाशी बायको आणि जिवलग मित्र. दोन डिस्क, वीस गाणी, प्रत्येक गाणं कोमातला एक दिवस. अकरा आवाज आहेत आणि त्यातले बरेचसे माणसं नाहीतच: भीती, राग, अभिमान, प्रेम, विवेक, हे सगळे त्या माणसाच्या डोक्यात येऊन गातात, भांडतात. परदेशी समीक्षकांना हे फार नवं वाटलं असेल. आपल्याकडे एकनाथांच्या भारुडात काम आणि क्रोध विंचू होऊन चावतात, त्यामुळे आपण या पात्रांना बिचकत नाही.

हे काम रंगमंचासाठी लिहिलेलं नव्हतं. 2015 मध्ये रॉटरडॅमला ते उभं केलं गेलं आणि त्याचं चित्रीकरण आहे, पण पाहताना मला कुणीतरी माझ्या डोक्यात शिरून फर्निचर हलवतंय असं वाटलं. राग कसा दिसतो हे मी आधीच ठरवलं होतं. तोटेही सांगतो: मेटलचा गुरगुराट काही ठिकाणी आहे, सिंथेसायझर कुठे कुठे जुन्या मालिकेच्या शीर्षकासारखा वाजतो, आणि पहिल्या फेरीत कोण गातंय ते कळत नाही. गाण्याचे शब्द समोर ठेवून एकदा ऐकावं लागतं. कुणाला ती तयारी नसेल तर हा नाद सोडावा.

चौथा 'रेंट'. तो थोडक्यात आटपतो, कारण मला तो आवडावा तितका आवडला नाही. पुच्चिनीच्या 'ला बोएम' या 1896 च्या ऑपेरातली क्षयाने मरणारी मुलगी, शंभर वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये, आणि क्षयाच्या जागी एड्स. संगीतकार जोनाथन लार्सन पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्री, 35 व्या वर्षी गेला. त्यानंतर नाटक ब्रॉडवेवर बारा वर्षं चाललं. 2008 चा शेवटचा प्रयोग चित्रित केलेला आहे, तोच पाहावा. नुसता ऐकू नका, पात्रं इतकी आहेत की लोकलमध्ये गोंधळ उडेल. भाड्याच्या खोलीवरून होणारी भांडणं मुंबईकराला चटकन भिडतात हे खरं, पण त्यातल्या कलावंतांची स्वतःवरची माया मला दोन तास सोसवत नाही. हल्ली अनेक जण 'हेडीझटाउन'ही सुचवतात. 2019 ला ब्रॉडवेवर आलेला, अनाईस मिचेलचा. सुंदरच आहे. पण त्यात लोकसंगीत आणि न्यू ऑर्लिन्सचं जॅझ इतकं आहे की 'रॉक' हा शब्द ओढूनताणून लावावा लागतो.

प्रत्यक्ष प्रयोगाची वाट पाहावी का, असंही भाच्याने विचारलं. बीकेसीतल्या नव्या नाट्यगृहामुळे 2023 पासून 'द साउंड ऑफ म्युझिक', 'द फँटम ऑफ द ऑपेरा' असे मोठे दौरे मुंबईत येऊ लागलेत खरे, पण ती सगळ्या कुटुंबाने जायची नाटकं. मी मध्यंतरी एका सभागृहात (नाव जाऊ द्या) असंच एक परदेशी म्युझिकल पाहिलं. बाल्कनीतली कडेची खुर्ची, शब्द भिंतीवर आपटून परत यायचे, आणि पहिल्या अंकाची निम्मी गोष्ट मला शेजारच्या बाईंच्या कुजबुजीतून कळली. त्या पैशांत चांगले हेडफोन आले असते.

तर भाच्याला सांगितलं: लोकलमध्ये 'अमेरिकन इडियट', रविवारी मिंचिनवाला 'सुपरस्टार', आणि 'ह्यूमन इक्वेशन' सहा महिन्यांनी, कान तयार झाल्यावर. त्याने हो हो केलं आणि अर्थातच उलटं केलं. बुधवारी सकाळी त्याचा मेसेज आला: "मामा, अकरावा दिवस संपला, पहिली डिस्क झाली. बाहेर बघतो तर मुंबई सेंट्रल. आता उलटी गाडी पकडतोय."