आधी फॉक्स की बार्कले?

सुरुवातीचे क्वेकर, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, समजून घ्यायचे तर आधी काय वाचावं? पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याचं आत्मकथन ‘जर्नल’ त्याच्या मृत्यूनंतर, १६९४ मध्ये छापलं गेलं. त्यात तो १६५१ च्या थंडीत लिचफिल्डच्या रस्त्यांवरून अनवाणी, ‘रक्तलांछित नगरी’चा धिक्कार करत फिरतो. टवाळखोरांना आणखी काय हवं होतं! क्वेकर विचारवंत रॉबर्ट बार्कलेचं ‘अपॉलॉजी’ (माफीनामा नव्हे, पंथाचं समर्थन; १६७६, आधी लॅटिनमध्ये) १५ सिद्धांत मांडून मुद्देसूद वाद घालतं. ते दुसऱ्या चार्ल्स राजाला अर्पण केलंय, पण लाळघोटेपणा नाही. क्वेकरांची यथेच्छ थट्टा करणाऱ्या फ्रेंच लेखक व्होल्तेरनेही त्याची तारीफ केली. तरी मी फॉक्सच आधी उचलेन. लोक क्वेकरांवर एवढे का चिडायचे, हे तिथेच कळतं. बार्कले वाचताना, खरं सांगायचं तर, डुलकी लागते.