सोन्यावर कोरताना येणारा काळपटपणा: साधा फायबर, मोपा, यूव्ही की हिऱ्याची सुई?

अंगठीच्या आत नाव आणि तारीख कोरून दिली, अक्षरांच्या कडेला तपकिरी छटा दिसली, की कोल्हापूरच्या गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) काउंटरवर प्रश्न ठरलेला: "सोनं चोख हाय न्हवं?" सोनं चोखच असतं. पण गिऱ्हाइकाच्या मनात एकदा किंतु आला की तो काढणं कोरण्यापेक्षा अवघड. म्हणून कोरायचं मशीन घेण्याआधी हा काळपटपणा येतो कुठून, ते बघू.

शुद्ध सोनं हवेत तापवलं तरी काळं पडत नाही. काळं पडतं ते त्यातलं तांबं. ९१६ मध्ये, म्हणजे २२ कॅरेटमध्ये, हजारात ८४ भाग इतर धातूंची भर असते, १८ कॅरेटमध्ये २५०. त्यामुळे १८ कॅरेटला, त्यातही रोझ गोल्डला, त्रास जास्त. दुसरं कारण काजळी: लेसरने उडालेले बारीक कण परत अक्षराच्या कडेलाच बसतात. त्यात बफिंगचा मेणकट मसाला किंवा बोटाचं तेल राहिलेलं असलं तर तेही जळतं. यातलं नेमकं काय झालंय ते कळायला कापसाच्या काडीला स्पिरिट लावा आणि भिंगाखाली अक्षरावरून फिरवा. कापूस काळा होऊन अक्षर उजळलं तर काजळी. कापूस पांढराच राहिला तर ऑक्साइड, आणि ते पुसून जात नाही, त्याला ॲसिडच लागतं.

म्हणून माझ्या मते मशीन ठरवताना आधी एकच विचारायचं: कोरून झाल्यावर नग ॲसिडात बुडवता येतो का?

तुमचं बहुतेक काम वेढणी, साध्या अंगठ्या, बिस्किटं आणि नाणी असं असेल, तर साधा क्यू-स्विच फायबर लेसर (ठरावीक लांबीच्या ठोक्यांनी चालणारा) पुरे. त्याचा १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश सोनं ९५ टक्क्यांहून जास्त परत फेकतं, म्हणून जोर लावावा लागतो. शिवाय पल्स, म्हणजे प्रकाशाचा एकेक ठोका, साधारण १०० नॅनोसेकंदांचा आणि तो बदलता येत नाही. उष्णता कडेला पसरते, छटा येते. येऊ दे. टाका लावल्यावर कारागीर करतो तेच करायचं: कोमट, पातळ सल्फ्युरिक ॲसिड, मग रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश. (पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. आणि लोखंडी चिमटा त्यात घातला तर नगावर लालसर तांबं चढतं.)

मोती, पोवळं, मीना किंवा आत लाख असलेला साजाचा नग बुडवता येत नाही. तिथे मोपाचे (फायबर लेसरचाच दुसरा प्रकार) जास्तीचे पैसे वसूल होतात. यात पल्स २ ते ५०० नॅनोसेकंदांपर्यंत कमी-जास्त करता येतो. हिशेब बघा: २० वॅटचा साधा फायबर २० किलोहर्ट्झवर चालवला तर एका पल्समध्ये १ मिलिजूल ऊर्जा जाते, शिखर शक्ती १० किलोवॅट. तेवढ्याच वॅटचा मोपा २०० किलोहर्ट्झ आणि १० नॅनोसेकंदांवर लावला तर शिखर तेच १० किलोवॅट, पण एका पल्सची ऊर्जा दहावा हिस्सा. टोला तेवढाच, आजूबाजूला वितळणं कमी. एका दमात खोल जाण्यापेक्षा हलके तीन-चार फेरे घ्या आणि शेवटचा फेरा फोकस किंचित वर नेऊन कमी पॉवरवर मारा. बरीचशी काजळी त्यातच निघते. साजाच्या पानावर मात्र मोपानेही कोरू नका. पत्रा पातळ असतो, तो भेदला की आतली लाख जळते. मागच्या हुकाची पट्टी बरी.

यूव्ही (अतिनील लेसर) मशीनबद्दल थोडक्यात. ३५५ नॅनोमीटरला सोनं निम्म्याहून जास्त प्रकाश शोषतं, म्हणून खूण बारीक आणि स्वच्छ येते. पण पॉवर कमी, खोल कामाला वेळ फार आणि मशीन महाग. फक्त अंगठ्यांसाठी घेऊ नये.

हिऱ्याच्या सुईच्या मशीनला उष्णताच नाही, त्यामुळे काळपटपणाही नाही, घटही जवळपास नाही. रेघ चकाकते. अडचण अक्षरांची: सुईला एकेरी रेषेचा फॉन्ट लागतो आणि देवनागरीत तसे फॉन्ट शोधावे लागतात. नेहमीचा फॉन्ट दिला की प्रत्येक अक्षराची नुसती बाह्यरेषा उमटते, जोडाक्षरांचा चिवडा होतो. इंग्रजी आद्याक्षरं आणि तारखा एवढंच काम असेल तर हाच सगळ्यात स्वस्त आणि बिनघोर मार्ग.

आर्गॉन वायूचं विचारणारे बरेच. कोरताना त्याचा झोत सोडला तर ऑक्साइड कमी होतं, काजळी नाही. वेल्डिंगमुळे उद्यमनगरात आर्गॉन सहज मिळतो आणि लेसर सोल्डरिंग करणाऱ्यांकडे सिलिंडर असतोच. त्यांनी नळी जोडून बघावी. फक्त यासाठी नवा सिलिंडर घ्यायला मी सांगणार नाही.

हुपरीच्या चांदीवर सोन्याचा मुलामा असेल तर यातलं कुठलंच मशीन उपयोगाचं नाही. थर इतका पातळ की खालची चांदी उघडी पडते. आधी कोरायचं, मग मुलामा.

डेमोला जाताना स्वतःचे २२ आणि १८ कॅरेटचे तुकडे रिठ्याने धुऊन घेऊन जा. विक्रेते पितळेवर कोरून दाखवतात, त्यावरून सोन्याचं काही कळत नाही. कोरून झाल्यावर कापसाची काडी तिथेच फिरवा. नंतर दुकानात बफ मारायची वेळ आलीच तर एचयूआयडीची (हॉलमार्कसोबतच्या ओळख क्रमांकाची) सहा अक्षरं सांभाळा. तीही लेसरनेच उथळ कोरलेली असतात आणि जास्त घासलं की आधी तीच जातात.