गाजलेल्या छायाचित्राच्या आगेमागे: लायब्ररी ऑफ काँग्रेसचा महामंदीचा संग्रह

अमेरिकेतील महामंदीत होरपळलेल्या कुटुंबांची तीच ती दहा-बारा छायाचित्रे पुस्तकांतून पुन्हा पुन्हा भेटतात. ती कोणत्या ढिगातून निवडली गेली हे पाहायचे असेल, तर लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील, फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या गरीब शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या सरकारी खात्याचा संग्रह उघडावा. १९३५ ते १९४४ या काळात सरकारी छायाचित्रकारांनी टिपलेल्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह त्यात आहेत आणि मोठ्या आकाराच्या फाइल विनामूल्य उतरवून घेता येतात.

डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेली 'मायग्रंट मदर' ही स्थलांतरित आईची गाजलेली प्रतिमा येथे एकटी नाही. त्याच कुटुंबाच्या इतर चौकटी शेजारीच असून, त्यांत तंबू आणि भोवतालची उघडी जमीन दिसते; चेहऱ्यावरच्या चिंतेला त्यामुळे ठावठिकाणा मिळतो. तंबूच्या खांबाला धरलेला अंगठा लँग यांनी पुढे निगेटिव्हमधून पुसून घेतला होता. तो शाबूत असलेली जुनी प्रतही पाहायला मिळते. चित्राखालच्या मूळ ओळीत त्या स्त्रीचे वय आणि मुलांची संख्या आहे, नाव मात्र नाही. लँग यांनी ते विचारलेच नव्हते, आणि मला हे त्या अंगठ्यापेक्षा अधिक खटकते.

संग्रहाचे खरे मोल मात्र नाकारलेल्या चित्रांत आहे. या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला भोक पाडायला लावत. छापील प्रतिमेत ते काळ्या वर्तुळासारखे उमटते, कधी आकाशात, तर कधी थेट माणसाच्या चेहऱ्यावर. संपादनाची कात्री इतकी उघड क्वचितच दिसते. अशा अनेक चित्रांच्या कधी प्रतीच निघाल्या नाहीत, त्यामुळे त्यांना ओळीही लाभल्या नाहीत आणि शब्द टाकून शोधल्यास ती सापडत नाहीत. त्यासाठी एखादे परिचित चित्र उघडून, क्रमांकानुसार शेजारची चित्रे पाहण्याची सोय वापरावी. मला तरी तीच शोधपेटीपेक्षा उपयुक्त वाटली.

प्रांतवार पाहायचे असल्यास येल विद्यापीठात सुरू झालेला 'फोटोग्रामर' हा नकाशा सोयीचा आहे. अलाबामातील हेल काउंटीवर टिचकी मारून वॉकर इव्हान्स यांनी १९३६ मध्ये टिपलेली खंडकरी शेतकऱ्यांची घरे आधी पाहावीत आणि मग मूळ फाइलसाठी लायब्ररीकडे वळावे.