अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाचा होमस्कूलिंग किट: पूर्ण वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आम्ही न्यू जर्सीहून परत येऊन आता ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, लेक दहा वर्षांची, घरीच शिकते, आणि पुढेमागे परत जायची वेळ आली तर तिकडचा इतिहास कोरा राहायला नको म्हणून हा किट ऑनलाइन मागवला. साडेपाच हजारांच्या आसपास पडला. आत भिंतीवर लावायची लांबलचक टाइमलाइन, ब्रिटिशांच्या तेरा अमेरिकन वसाहतींचा नकाशा, रोल-प्लेची कार्डं आणि जुन्या कागदपत्रांच्या प्रती.

सगळ्यात भारी जमलंय ते बोस्टन टी पार्टी. कार्डावर कोणी दुकानदार, कोणी गोदीतला हमाल, कोणी ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, आणि प्रत्येकाने आपली बाजू मांडायची. १६ डिसेंबर १७७३ ला ३४२ पेट्या चहा समुद्रात फेकला हे कुठेही वाचायला मिळतं, पण नव्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता तरी लोक का भडकले, हे इथे नीट उलगडून सांगितलंय: आमचा प्रतिनिधी पार्लमेंटात नसताना कर लावणारे तुम्ही कोण, आणि धंदा एकट्या कंपनीच्या घशात का?

यावर लेकीने विचारलं, ही ईस्ट इंडिया कंपनी म्हणजे आपल्याकडचीच का गं? तीच! आणि किटमध्ये याबद्दल चकार शब्द नाही. मग तिला कोर्ट नाक्याजवळ सेंट्रल जेलची भिंत दाखवली, हाच ठाण्याचा किल्ला, १७७४ च्या डिसेंबरात म्हणजे त्या चहानंतर साधारण वर्षभरानेच याच कंपनीने मराठ्यांकडून घेतला. घरी येऊन तिने टाइमलाइनच्या खालच्या रिकाम्या पट्टीत लाल स्केचपेनने आपल्या नोंदी भरल्या. १६३० ला वर बोस्टनची स्थापना, खाली शिवाजी महाराजांचा जन्म. १७८१ ला अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस, आणि १७९२ ला तोच मराठे आणि निजामाला सोबत घेऊन श्रीरंगपट्टणला टिपूसमोर. तिथून पुढे तिला तारखा सांगाव्याच लागल्या नाहीत.

एक स्टार मात्र कापलाय आणि तो गुलामगिरीसाठी. व्हर्जिनियातली इंग्रजांची जेम्सटाउन वसाहत १६०७, तिथली उपासमार, सगळं तपशिलात आहे, पण १६१९ ला व्हर्जिनियात आणलेल्या आफ्रिकन लोकांवर एकच ओळ, तिथले मूळ रहिवासी पोव्हॅटन लोक तर नुसते मका देण्यापुरते येतात. सगळी माणसं समान असं १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते, दहा वर्षांच्या मुलीला हे समजतं, पेलवतं, आणि ते सांगितलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आम्ही ते वेगळं वाचून जोडलं.

वय ८ ते १२ लिहिलंय, पण नऊच्या आत जड जाईल. दोन-तीन मुलं असतील तर रोल-प्ले रंगतो, एकटं मूल असेल तर आईबाबा दोघांनाही बसावं लागतं. नकाशा आल्याआल्या लॅमिनेट करून घ्या, कागद पातळ आहे, आमचा पावसाळ्यात घडीवरच फाटला.